‘हे तर आपलंच आहे’ म्हणण्याआधी

पाश्चात्त्य गूढविद्या शिकताना टॅरोचे पत्ते हाताळून झाले, कबालाचा, म्हणजे यहुदी गूढविद्येचा, दहा सेफिरोथचा (दैवी गुणांचा) वृक्ष वहीत काढून झाला, पेंटाग्रामचा, म्हणजे पाच टोकांच्या ताऱ्याचा, विधी पाठ झाला, आता पुढे काय, असं विचारणारे बरेच जण भेटतात. त्यांना मी सांगते, पुढे जाऊ नका, थोडं मागे जा. जे करताय ते कोणी, कुठे आणि कोणत्या साली लिहिलं, ते आधी शोधा.

हे काम कंटाळवाणं आहे. पण मराठी घरातून या विषयात आलेल्यांसाठी एक खड्डा ठरलेलाच असतो आणि मीही त्यात बराच काळ होते.

गोल्डन डॉन ही गूढविद्येची संस्था १८८८ साली लंडनमध्ये सुरू झाली. तिच्या अभ्यासात तत्त्वांचे पत्ते येतात: पृथ्वीचा पिवळा चौकोन, आपाची रुपेरी चंद्रकोर, तेजाचा लाल त्रिकोण, वायूचं निळं वर्तुळ, आकाशाची काळपट अंडाकृती. पत्त्याकडे टक लावून बघायचं, मग नजर पांढऱ्या कागदावर न्यायची. तीच आकृती विरोधी रंगात उमटते. तिलाच दार मानून मनानं आत शिरायचं. हे वाचताना आपण हरखतो. ही तर पंचमहाभूतं! म्हणजे तिकडचा हर्मिस, इजिप्तचा प्राचीन ज्ञानी मानलेला, आणि इकडचे ऋषी एकच सांगत होते! मग भराभर सगळंच जुळू लागतं, सेफिरोथ म्हणजे चक्रं, वृक्षाचा मधला स्तंभ म्हणजे सुषुम्ना.

इथे थांबा. ही तत्त्वं इजिप्तहून आलेली नाहीत, ती इथूनच तिकडे गेली. थिऑसॉफिकल सोसायटी ही अध्यात्म आणि गूढविद्येची संस्था १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये निघाली. १८७९ साली तिचे संस्थापक ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट मुंबईत उतरले, गिरगावात राहिले. त्यांचं मासिकही त्याच वर्षी मुंबईतून निघालं. १८८२च्या अखेरीस बिऱ्हाड मद्रासजवळ अड्यारला हललं. त्याच वर्तुळातल्या रामप्रसाद यांचं स्वरशास्त्रावरचं (श्वासाच्या विद्येवरचं) इंग्रजी पुस्तक १८९०च्या सुमारास आलं आणि त्यातली तत्त्वं गोल्डन डॉनच्या मंडळींनी उचलली. आपल्याच घरचं विरजण शेजारून परत आलं तर दह्याची चव जुळणारच. त्यावरून दोन परंपरांनी स्वतंत्रपणे एकच सत्य शोधलं, हे सिद्ध होत नाही.

उलट दिशेनेही हेच चालतं. ‘योगी रामचरक’ या नावानं योगाची पुस्तकं लिहिणारा माणूस अमेरिकन होता, विल्यम वॉकर ॲटकिन्सन. प्राचीनतेचे दावेही असेच तपासावे लागतात. टॅरोला इजिप्तचं ज्ञान ठरवलं फ्रेंच लेखक कूर द जेबलँ यांनी, १७८१ साली. इजिप्तच्या चित्रलिपीचं वाचन शाम्पोलियनने १८२२ साली दाखवलं, म्हणजे जेबलँ यांचा दावा त्याच्याआधी चार दशकांचा! मुळात टॅरो पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतला पत्त्यांचा खेळ. हर्मिसच्या नावावरचे ग्रीक ग्रंथ इटालियन विद्वान फिचिनोने १४६३ साली लॅटिनमध्ये आणले, तेव्हा ते अतिप्राचीन मानले जात. १६१४ साली भाषापंडित कॅसोबनने त्यांची भाषा तपासून ते ख्रिस्तोत्तर काळातले असल्याचं दाखवून दिलं.

हे कळल्यावर हात गळून जातात, ठाऊक आहे. पण पुस्तक मिटू नका. ग्रंथ उशिराचा निघाला म्हणून त्यातलं ध्यान पोकळ ठरत नाही. मला तर हे ग्रंथ त्यांच्या खऱ्या काळात ठेवून वाचल्यावरच आवडायला लागले.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत कडक आहे. जो इतिहास वाचू नका म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नका. पैसे भरले की गुप्त दीक्षा देतो म्हणणाऱ्याकडे तर मुळीच नको. गोल्डन डॉनचे विधी इझ्रायल रिगार्डी यांनी १९३७ ते १९४० दरम्यान छापून मोकळे केले आहेत. हिब्रूची अक्षरं मात्र शिकाच, लिप्यंतरावर भागवू नका. ती बावीसच आहेत, जमतात.

घरचे काळी जादू म्हणून घाबरतील. त्यांना वही दाखवा, बहुतेक सगळं वाचन आणि ध्यानच असतं. पण झोप उडाली, नको ते आवाज ऐकू यायला लागले, तर विधी त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. त्याला सिद्धी म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

आणि वहीची दोन पानं समोरासमोर वापरा. डावीकडे हा विधी कुठून आला, कोणत्या सालचा, कोणाचा. उजवीकडे आज करताना काय जाणवलं. उजवीकडचं डावीकडच्याला पुरावा म्हणून कधीही लावू नका.