वानखेडेवरचा रात्रीचा सामना: नागपूरहून जाताना बेत कसा आखावा

मुंबईत सामना बघायचा आणि जोडून शहरही फिरायचं, असं ठरलं की बहुतेक जण आधी सामन्याच्या तिकिटामागे धावतात. सुरुवात परतीच्या गाडीपासून करा. साडेसातला सुरू होणारा टी-ट्वेंटी सामना रात्री साडेअकराच्या आगेमागे संपतो. सीएसएमटीहून विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी सातच्या सुमारास सुटते, दुरांतो सव्वाआठच्या सुमारास. म्हणजे एक गाडी नाणेफेक होताना जाते आणि दुसरी पहिला डाव अर्ध्यावर असताना. ‘मॅच संपली की रात्रीच निघायचं’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सामन्याच्या रात्री मुक्काम ठेवा, दुसरा दिवस फिरण्यात घालवा आणि त्या संध्याकाळच्या गाडीने परता. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सामन्यांच्या तारखा जाहीर झाल्या की दोन्ही बाजूंची तिकिटं त्याच दिवशी काढून टाका. सामन्याचं तिकीट मिळालं नाही तर रेल्वेचं रद्द करता येतं, उलट झालं तर मात्र पंचाईत होते.

मुक्काम दादरला करा. मध्य आणि पश्चिम, दोन्ही मार्गांच्या लोकल तिथे थांबतात. रात्री उशिरा गाडी बदलावी लागत नाही, हा त्याचा खरा फायदा.

सामन्याचं तिकीट घेताना स्टँडची दिशा बघा. समुद्र पश्चिमेला आहे. पूर्वेकडच्या स्टँडमध्ये बसणाऱ्याच्या डोळ्यांवर सूर्य मावळेपर्यंत ऊन येतं. रात्रीच्या सामन्याला याने फरक पडत नाही, दुपारच्या सामन्याला फार पडतो. काही सामन्यांना छापील तिकीट खिडकीवरून घ्यावं लागतं. बुकिंग ज्याच्या नावावर असेल, तो मूळ ओळखपत्रासह सकाळच्याच गाडीने पोहोचला पाहिजे.

सामान: सकाळी उतरल्यावर हॉटेल मिळेपर्यंत बॅगा सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप लागतं, ते घरूनच न्या, आणि रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं. स्टेडियमवर बॅग, पाण्याची बाटली, डबा, पॉवर बँक यांतलं काहीही आत जाऊ देत नाहीत, कधीकधी नाणीसुद्धा काढून घेतात. खिशात फोन, तिकीट, ओळखपत्र आणि थोड्या नोटा, एवढंच असू द्या. मुंबईचा पारा ३३ दाखवत असेल म्हणून नागपूरच्या ४४ पुढे तो काहीच नाही, असं समजू नका. आपल्याकडची हवा कोरडी, घाम लगेच सुकतो. तिथे तो अंगावरच राहतो आणि तीन-चार तासांत थकवा येतो. सुती कपडे घाला, आत गेल्यावर पाणी विकत घ्या आणि तहान लागायची वाट न बघता पीत राहा.

जाणं सोपं आहे. दादरहून पश्चिम मार्गाची लोकल घेऊन चर्चगेटला उतरा, परतीचं तिकीटही तेव्हाच काढा. सीएसएमटीहून निघालात तर दादरपर्यंत मागे जाऊन फिरून येऊ नका. चालत वीस मिनिटं लागतात, किंवा मेट्रोने दोन स्थानकं. दक्षिण मुंबईत ऑटो चालत नाही, टॅक्सीच मिळते. नागपूरच्या जामठा स्टेडियमला जाताना गाडी काढायची आपली सवय असते, ती इथे विसरा. स्टेडियमभोवती पार्किंग नाही आणि रस्तेही बंद केलेले असतात. तिकिटावर गेटचा क्रमांक असतो, त्याच बाजूने पोहोचा. चुकीच्या गेटवर गेलात तर बॅरिकेडमुळे लांबचा वळसा पडतो. सामन्याच्या दोन तास आधी रांगेत असलेलं बरं.

आता सगळ्यात अवघड भाग, परतीचा. वानखेडेची क्षमता साधारण ३३ हजार. शेवटचा चेंडू पडला की हे सगळे लोक अर्ध्या तासात दोन स्टेशनांकडे निघतात. काही गेटांवरून मरीन लाइन्स जवळ पडतं म्हणून नवखे लोक तिकडे वळतात, आणि तिथेच चुकतात. लोकल सुटते चर्चगेटहून, मरीन लाइन्सला येते तेव्हा दारात पाय ठेवायला जागा उरलेली नसते. म्हणून पाच-दहा मिनिटं जास्त चालावं लागलं तरी चर्चगेटच गाठा. तिथे रिकामी गाडी लागते, मुलंबाळं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर बसायला मिळतं.

गाडी कुठली घ्यायची, यालाही महत्त्व आहे. विरार फास्टमध्ये चढू नका. ती दादरला थांबते, पण लांबवर जाणाऱ्यांची दारापर्यंत दाटी झाल्यावर दादरला उतरणंच कठीण होऊन बसतं. अंधेरी किंवा बोरिवली स्लो पकडा. दहा मिनिटं जास्त जातील, पण उतरता येईल.

अ‍ॅपवरची टॅक्सी गेटबाहेरून बोलवायचा नाद सोडा. हजारो फोन एकाच जागी असल्याने नेटवर्क अडतं आणि बंद रस्त्यामुळे गाडी तुमच्यापर्यंत येत नाही. मेट्रोची शेवटची गाडी साधारण साडेदहाला असते, तिच्याही भरवशावर राहू नका. बरोबरच्यांची चुकामूक होणार हे गृहीत धरा. फोन लागत नसताना ‘इथेच कुठेतरी थांबलोय’ याला अर्थ नसतो. चर्चगेट स्टेशनच्या आत, इंडिकेटरखाली भेटायचं, हे आत जाण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवा. सामन्याच्या तिकिटाचा फोटोही आधीच फोनमध्ये काढून ठेवा.

गर्दी नकोच असेल तर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर अर्धा-पाऊण तास बसा. पश्चिम मार्गाच्या लोकल रात्री एकच्या आसपासपर्यंत असतात. मात्र शेवटच्या गाडीची नेमकी वेळ सकाळीच स्टेशनवर बघून घ्या आणि तिच्या आधीच्या गाडीने निघा.

दुसऱ्या दिवशी घारापुरीला जायचं असेल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात. गेटवेहून बोटीला तासभर लागतो, म्हणून सकाळी लवकर निघा. तेवढा वेळ नसेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघा, मग ओव्हल मैदानापर्यंत चालत या. मैदानाच्या एका बाजूला हायकोर्ट आणि विद्यापीठाच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारती, समोर आर्ट डेको. हा सगळा परिसर २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि मैदानात बहुतेक वेळा क्रिकेट चालू असतं, तेही फुकट. रविवार असेल तर निघण्याआधी मेगाब्लॉकची, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवण्याची, वेळ बघा. बॅगा पुन्हा क्लोकरूमला ठेवल्या असतील तर त्या घ्यायला रांग लागते, गाडीच्या तासभर आधी सीएसएमटी गाठा.