वाड्याचे जुने दार पुन्हा उभे करताना

वाड्याचे दार घ्यायचे असेल तर ते चौकटीसकट घ्यावे. नुसत्या झडपा कितीही स्वस्त मिळाल्या तरी त्या उचलून आणू नयेत. या दारांना बहुधा बिजागरी नसते. झडपेच्या कडेच्या उभ्या लाकडाला वर आणि खाली गोल खुंट कोरलेले असतात आणि ते चौकटीच्या आतल्या बाजूच्या आडव्या लाकडांतील खळग्यांत फिरतात. झडपा चौकटीच्या आत बसत नाहीत, मागून तिला टेकतात, म्हणून त्या दिसणाऱ्या मोकळ्या जागेपेक्षा रुंद असतात. ‘खुंट कापून टाका, आम्ही पितळी बिजागऱ्या मारून देतो’ असे सांगणारे सुतार पुष्कळ भेटतात. दीड-दोन इंच जाडीच्या सागवानी झडपेचे सगळे वजन मग शंभर वर्षे वाळलेल्या लाकडातील चार स्क्रूंवर येते, आणि दार लवकरच उंबऱ्यावर घासू लागते.

खरेदीच्या वेळी बाह्यांचा, म्हणजे चौकटीच्या दोन उभ्या लाकडांचा, तळचा अर्धा फूट पेचकसाने टोचून पाहावा, कारण कूज आणि वाळवी प्रथम तेथेच लागते. दार सुटे करण्यापूर्वी डावी-उजवी झडप आणि वरची-खालची बाजू तैलरंगाने खुणावून ठेवावी. खडूच्या खुणा टेंपोतच पुसल्या जातात. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नये किंवा ज्योतीने जाळू नये, कारण घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत 90 भागांची मर्यादा आपल्याकडे 2017 मध्ये लागू झाली आणि त्याआधीच्या थरांत शिसे असण्याची शक्यता बरीच असते. पेंट रिमूव्हर लावून, मास्क घालून ओलाच खरवडावा. कॉस्टिक सोड्याच्या हौदात दार बुडवून देणाऱ्यांकडे मात्र अजिबात जाऊ नये. त्याने सागवान काळवंडते आणि सांधे सुटतात.

भिंतीत चौकटीच्या वर स्वतंत्र लिंटेल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई, हवेच. लिंटेल आणि चौकट यांच्यात दोन सूत, म्हणजे पाव इंच, फट ठेवावी, म्हणजे भिंतीचा भार लाकडावर येणार नाही. चौकटीची आडवी लाकडे बाह्यांच्या बाहेर वीतभर निघालेली असतात. ती टोके गवंडी हमखास कापायला सांगतो. ती कापू नयेत, भिंत तेवढी फोडावी. चौकट त्याच टोकांनी भिंतीत धरून राहते.

यापुढचा टप्पा म्हणजे चौकट उभी करणे, आणि सर्वाधिक दारे येथेच बिघडतात. या टप्प्याने मलाही पुष्कळ छळले आहे. गवंडी गुण्या लावून चौकट काटकोनात आणू पाहतो, बाहीला ओळंबा लावतो, सारे कसे सरळ दिसते आणि झडप घातली की ती मिटतच नाही. याचे कारण साधे आहे. जुनी चौकट हाताने तासलेली असते, बाही वर जाड आणि खाली बारीक असू शकते, आणि कित्येक वर्षांत झडपांनी त्याच वाकडेपणाशी जुळवून घेतलेले असते. अशा चौकटीला जबरदस्तीने काटकोनात ओढले तर सांध्यांतल्या लाकडी खुंट्या तडकतात आणि झडपांचा मेळ कायमचा जातो.

म्हणून चौकट आधी जमिनीवर आडवी ठेवून जुळवावी, झडपा तिच्यावर ठेवून त्या मिटतात ते पाहावे आणि दोन्ही कर्ण दोरीने मोजून लिहून ठेवावेत. कर्णांत फरक निघतोच. तो तसाच राहू द्यावा. मग बाहेरच्या अंगाने दोन तिरक्या पट्ट्या, कोरीवकामाला गोणपाटाची घडी लावून, सी-क्लॅम्पने आवळाव्यात, म्हणजे उचलताना चौकटीचा आकार बदलत नाही. झडपा आतल्या बाजूला फिरत असल्यामुळे या पट्ट्या शेवटपर्यंत आड येत नाहीत.

चौकट पाचरींवर उभी केल्यानंतर ओळंबा बाहीला लावूच नये. तो वरच्या खळग्याच्या मध्यातून सोडावा आणि त्याचे टोक खालच्या खळग्याच्या बरोबर मध्यावर यावे. दोन्ही बाजूंचे हे पाहावे, भिंतीच्या लांबीतही आणि जाडीतही. जाडीतली चूक डोळ्यांना दिसत नाही, पण वरचा खळगा खोलीकडे दोन सूत जरी झुकला तरी दार आपोआप उघडत राहते, आणि बाहेर झुकला तर आपोआप मिटते. खळगे ओळंब्यात आणताना उंबरा पाणसळीत, म्हणजे आडवा समतल, राहिला नाही तर उंबऱ्याने माघार घ्यावी. तेवढा फरक फरशीत झाकता येतो. एका बाजूचे खळगे जुळले आणि दुसऱ्या बाजूचे जुळत नसले, तर त्या बाजूचा वरचा खळगा हवा तिकडे पटाशीने वाढवावा आणि उलट बाजूला सागाची पाचर सरसात बसवावी. खालच्या खळग्याला हात लावू नये, कारण सगळे वजन त्यावर असते. तो झिजून खोल गेला असेल तर तळाशी जाड पितळी चकती टाकावी.

आता झडप वर उचलून आधी वरचा आणि मग खालचा खुंट बसवावा, आणि सिमेंटचा थेंबही पडण्यापूर्वी ती पाव, अर्धी, पूर्ण उघडून सोडून द्यावी. जेथे सोडली तेथेच ती थांबली पाहिजे. गवंडी घड्याळ पाहत असला तरी ही परीक्षा टाळू नये.

त्यानंतर प्रत्येक बाहीला तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या), भिंतीत जाणाऱ्या लाकडाला डांबर, काँक्रीट आणि सात दिवस पाणी. जांभ्याच्या भिंतीत चिरा भुगा होऊन सुटतो, म्हणून होल्डफास्टसाठी खड्डा दुप्पट मोठा घ्यावा. पट्ट्या आणि पाचरी सातव्या दिवसानंतरच काढाव्यात.

शेवटी जवसाचे तेल पातळ हाताने दोनदा चोळावे. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवाव्यात. पहिल्या पावसाळ्यात दार फुगून घट्ट होईल आणि घरातील कोणीतरी रंधा मारायला सुतार बोलावील. त्याला परत पाठवावे. दिवाळीनंतरही घासत असेल तरच, जेथे घासल्याची चकाकी दिसते तेवढ्याच जागी, एक पातळ ढलपी काढावी.