ठाण्याहून पोर्तुगालचे जूनमधील संतोत्सव पाहायला जाताना

पोर्तुगालच्या सणांचा पहिला धडा ठाणेकरांनी घराजवळच गिरवावा. मासुंदा तलावाजवळच्या चर्चचा इतिहास पोर्तुगीज अमदानीपर्यंत मागे जातो. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतल्यावर ती अमदानी संपली, पण ज्या संत जॉन द बाप्टिस्टचे नाव या चर्चला आहे, त्याच्याच जन्मदिवसाच्या, म्हणजे 24 जूनच्या, आदल्या रात्री आजही अख्खे पोर्तो शहर रस्त्यावर असते. जाण्यापूर्वी ठाण्याच्या या चर्चमध्ये एखाद्या रविवारच्या मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या सामूहिक उपासनेला, मागच्या बाकावर शांतपणे बसावे. लोक कधी उभे राहतात, कधी गुडघे टेकतात हे पाहावे आणि परमप्रसाद कॅथलिकांसाठीच असल्याने त्या वेळी जागेवरच थांबावे. एवढी रीत अंगवळणी पडली की परदेशात अवघडल्यासारखे होत नाही.

पोर्तुगालसह युरोपातल्या अनेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळी सुट्टीत भेटीच्या वेळा भराभर संपतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच कागदपत्रे तयार ठेवावीत. प्रवासविम्याचे वैद्यकीय संरक्षण किमान 30,000 युरोंचे लागते. लिस्बन आणि पोर्तो येथील उत्सवाच्या रात्रींची हॉटेले मात्र त्याहीआधी, रद्द करण्याची मुभा असलेल्या दरात धरून ठेवावीत.

लिस्बनमध्ये 12 जूनच्या संध्याकाळी पोहोचलेले असावे. संत अँथनी याच शहरात जन्मला आणि 13 जून 1231 रोजी पादुआजवळ वारला, त्यामुळे 13 तारखेला शहराला सुट्टी असते. आदल्या रात्री आवेनिदा दा लिबेर्दाद या रुंद रस्त्यावरून निरनिराळ्या वस्त्यांची पथके वेशभूषा करून, कमानी नाचवत मिरवणुकीने जातात. ती थोडा वेळ पाहून अल्फामा या जुन्या वस्तीच्या चिंचोळ्या गल्ल्यांकडे वळावे. तिथे दारोदारी निखाऱ्यांवर सार्डिन भाजत असतात आणि पावाच्या जाड कापावर ठेवून देतात. माशाचे तेल पावात मुरते आणि शेवटी तो पावच सर्वांत चविष्ट लागतो. शाकाहाऱ्यांनी कोबीवर्गीय पानांचे हिरवे सूप मागवताना चौकशी अवश्य करावी, कारण त्यात बहुधा सॉसेजची चकती असते. गल्लीत मांजेरिकोची छोटी कुंडीही विकत मिळते. आपल्या तुळशीच्याच कुळातल्या या गोल, दाट रोपात कागदी फूल आणि चार ओळींचे प्रेमगीत खोचलेले असते. रोपाला नाक लावून वास घेतला तर ते सुकते अशी समजूत आहे, म्हणून तळवा अलगद फिरवून तळव्याचाच वास घ्यावा.

रात्रीच्या जल्लोषावर समाधान मानून 13 तारखेची दुपार झोपेत घालवू नये, ही माझी कळकळीची सूचना आहे. त्या दिवशी दुपारनंतर संताची मूर्ती कॅथेड्रलजवळच्या त्याच्या चर्चमधून मिरवणुकीने निघते, आणि आदल्या रात्रीच्या गाण्या-नाचण्यामागची श्रद्धा तिथे डोळ्यांना दिसते. मिरवणुकीत मध्ये घुसून फोटो काढू नयेत. कडेला उभे राहावे आणि मूर्ती समोरून जाताना टोपी काढावी.

मधल्या दिवसांत बसने फातिमाला जाऊन यावे. 1917 मध्ये तीन मेंढपाळ मुलांना जिथे मरियामातेचे दर्शन झाले असे भाविक मानतात, तिथे उन्हाळ्यात रोज रात्री मेणबत्त्यांची मिरवणूक निघते. गुडघ्यांवर चालत नवस फेडणारे भाविक दिसले, तर कॅमेरा खाली ठेवावा.

पोर्तोतली 23 जूनची रात्र अगदी मोकळी असते: अनोळखी माणसेही एकमेकांच्या डोक्यावर प्लास्टिकची हातोडी हलकेच आपटतात, आणि कोणी मारली तर हसून परत मारायची असते. जुन्या पद्धतीने लसणीसारखा लांब देठाचा फुलोरा नाकाशी धरणारेही भेटतात. मध्यरात्रीच्या आतषबाजीसाठी दौरो नदीकाठी बरेच आधी पोहोचावे आणि पातळ जाकीट जवळ ठेवावे, कारण जूनमध्येही नदीवरचा वारा थंड असतो. लहान मुले बरोबर असल्यास पुलालगतची गर्दी टाळून उंचावरची जागा निवडावी.

तोमार या गावाचा ताबुलेरोस उत्सव या सहलीत बसत नाही. पावांनी रचलेली, स्वतःच्या उंचीएवढी चळत डोक्यावर घेऊन चालणाऱ्या स्त्रियांचा हा सोहळा साधारणपणे चार वर्षांतून एकदा, जुलैच्या सुरुवातीला होतो. मागचा 2023 मध्ये झाला, त्या क्रमाने पुढचा 2027 मध्ये येतो. तो पाहायचा असेल, तर त्या वर्षी पोर्तोनंतरचा मुक्काम दोन आठवड्यांनी वाढवावा.