कव्हर काढलं म्हणजे गाडी तयार झाली असं नाही

हिवाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीवरचं कव्हर ओढलं की हात आपोआप दोन गोष्टींकडे जातो, किल्ली आणि फडकं. दोन्ही जरा बाजूला ठेवा. धुळीवर कोरडं फडकं फिरवलं की धुळीतले कण रंगावर बारीक ओरखडे काढतात. आणि नुसती सुरू झालेली गाडी थांबेलच याची खात्री नसते. माझा क्रम ठरलेला आहे : आधी वाकून गाडीखाली बघायचं, मग बॅटरी, टायर, ब्रेक, त्यानंतर इंजिन, मग एक छोटी फेरी. पॉलिशची बाटली सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, कारण चमक लगेच दिसते आणि चिकटलेला कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) दिसत नाही.

माझ्याकडे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे. लाल रंग, १.६ लिटरचं इंजिन, बटण दाबल्यावर वर उठणारे दिवे, कापडासारखं दुमडणारं छप्पर. उदाहरणं तिचीच देते. तुमच्या दारात पोर्शे असो नाहीतर कॉर्वेट, काम तेच राहतं, आकडे मात्र आपापल्या मॅन्युअलमधले घ्यायचे.

गाडी बाहेर कधी काढायची हे कॅलेंडरवर ठरवू नका. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकलेलं असेल तर दोन-तीन दणदणीत पाऊस होऊन ते वाहून जाऊ द्या. तळाच्या पत्र्याला मिठाइतका वैरी दुसरा नाही. उन्हाळी टायर असतील तर थर्मामीटरही बघा. साधारण ७ अंशांच्या खाली त्यांचं रबर कडक होतं आणि पकड सुटते. दुपारी ऊन छान असतं, पण परतीच्या वेळी रस्ता पुन्हा गारठलेला असतो.

आता टॉर्च घ्या आणि गाडीखाली वाका. जमिनीवर डाग आहे का? काळा-तपकिरी असेल तर ऑइल. हिरवा, गुलाबी किंवा निळा आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर तेलकट ओल दिसली तर ब्रेक फ्लुइड, आणि मग गाडी जागची हलवायचीच नाही. त्यानंतर उंदीर. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, सायलेन्सरच्या तोंडात बघा, सीटखाली आणि डिकीच्या कोपऱ्यात बघा. घरटं सापडलं तर हातमोजे आणि मास्क घाला, लेंड्यांवर जंतुनाशक फवारून त्या ओल्या झाल्यावरच टिपून घ्या. कोरडं झाडलं की तीच धूळ नाकात जाते आणि त्यातून गंभीर आजार होऊ शकतात. घरट्याजवळच्या वायरी बोटांनी चाचपून बघा. कुरतडलेली वायर नजरेतून सुटते, बोटाला कळते. सायलेन्सरमध्ये स्टील वूलचा बोळा तुम्ही स्वतःच कोंबून ठेवला असेल तर तो आत्ताच काढा.

माझ्या गाडीची बॅटरी डिकीत आहे. चार्जर लावून ठेवला नसेल तर मल्टिमीटरने आधी व्होल्टेज मोजा. १२.६ किंवा त्याहून वर असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ उतरलेलीच. उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीच्या वायरी लावून सुरू करण्याचा मोह टाळा. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग, बॅटरी टिकवण्यासाठी असतो, मेलेली बॅटरी जिवंत करायला नव्हे. रात्रभर हळू चार्ज करा. बॅटरी एजीएम (बंदिस्त, आत काचतंतूंच्या गाद्या असलेली) असेल तर चार्जर त्याच मोडवर हवा, लिथियम असेल तर तिच्यासाठीचा वेगळा. चार्जिंगनंतर काही तास तशीच सोडा आणि पुन्हा मोजा. १२.४ च्या खाली घसरली तर बॅटरीची सद्दी संपली असं समजा. जोडताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह, काढताना उलट. टर्मिनलवर पांढरी बुरशी दिसली तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासा, कोरडं करा, वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा.

टायरमधून महिन्याला साधारण एक पीएसआय हवा आपोआप कमी होते, थंडीने आणखी उतरते. माझ्या गाडीला २६ पीएसआय लागतात, तुमच्या गाडीचा आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असेल. हवा टायर गार असतानाच भरायची. बाजूच्या भिंतीवर तडे आहेत का ते वाकून बघा आणि तिथेच ‘DOT’ (डॉट) अक्षरांनी सुरू होणाऱ्या शिक्क्याचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. स्पोर्ट्स कार कमी चालते, त्यामुळे खाचा नव्यासारख्या दिसतात आणि रबर म्हातारं झालेलं असतं. दहा वर्षांच्या पुढचा टायर, कितीही देखणा असला तरी, मी गाडीवर ठेवत नाही.

ब्रेकला वेळ द्या

डिस्कवर नारिंगी गंजाचा पातळ थर दिसला तर घाबरू नका, पहिल्या काही ब्रेकमध्ये तो निघून जातो. खोल खड्डे पडले असतील किंवा पॅडच्या आकाराचा जाड ठसा उमटला असेल तर ती गोष्ट वेगळी. गाडी सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये टाका, हँडब्रेक सोडा आणि हाताने ढकला. सहज सरकली तर उत्तम. हललीच नाही तर पॅड डिस्कला चिकटलेत. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबून गाडी उपटायची नाही. पॅडचं लायनिंग पत्र्यापासून सुटून येऊ शकतं. चाक काढा (जॅकबरोबर स्टँड हवाच, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नका), कॅलिपर उतरवा, तो ज्यांवर सरकतो त्या पिना साफ करून ब्रेकसाठीचं ग्रीस लावा. माझ्या गाडीत मागचे कॅलिपर जास्त अडकतात, कारण हँडब्रेकची यंत्रणा त्यांच्यातच बसवलेली आहे. म्हणून गाडी ठेवताना हँडब्रेक ओढूच नये, गिअरमध्ये टाकून चाकांना अडण्या लावाव्या.

ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीचं फ्लुइड ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. घाटात जोरात ब्रेक मारत उतरताना त्या फ्लुइडमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पायाखालून निघून जातं. दर दोन वर्षांनी ते बदलायचं, मग गाडी कितीही कमी चाललेली असो. कॅलेंडर बघायचं, किलोमीटर नाही. इंजिन बंद असताना पेडल घट्ट दाबून अर्धा मिनिट धरा. हळूहळू खाली बसत गेलं तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे (पेडलच्या जोराने फ्लुइड ढकलणाऱ्या भागाचे) वॉशर गेलेत. क्लचचंही तसंच. एमएक्स-५ च्या मालकांनी क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरचं (फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या, गिअरबॉक्सजवळच्या भागाचं) रबरी टोपण उचलून आत ओल आहे का ते जरूर बघावं, गळायची हौस असलेला भाग आहे तो.

पहिला सेल्फ

ऑइलची पातळी बघा, कूलंटची बघा. जुन्या एमएक्स-५ च्या रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी मुळात काळी असते. ती हिरवट-तपकिरी झाली असेल तर प्लास्टिक ठिसूळ झालंय. या मोसमात ती फुटायच्या आधी तुम्हीच रेडिएटर बदला. ऑइल गाडी ठेवण्यापूर्वी बदललं असेल तर आता पुन्हा बदलायची गरज नाही. जुनंच राहिलं असेल तर त्यात ओलावा आणि आम्लं साठलेली असतात. इंजिन जरा गरम करून लगेच ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.

पेट्रोलचं म्हणाल तर टाकी काठोकाठ भरून आणि स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं रसायन) घालून ठेवली असेल तर चिंता नाही. अर्धी राहिली असेल आणि पेट्रोल इथेनॉलचं असेल तर टाकी ताज्या पेट्रोलने भरून घ्या. वार्निशसारखा आंबूस वास आला तर मात्र जुनं उपसून काढा.

इंजिन चालू करताना गॅरेजचं दार पूर्ण उघडं हवं, शक्यतो गाडी ढकलून बाहेरच आणा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मी इंधन पंपाचा फ्यूज काढते आणि पाच-सहा सेकंदांचे सेल्फ मारते, मध्ये थोडी विश्रांती देते. इंजिन पेटत नाही, फक्त फिरतं, आणि ऑइल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) चढतं. माझ्या गाडीत ऑइल प्रेशरचा खराखुरा काटा आहे, तो हलला की फ्यूज परत लावायचा. तुमच्याकडे नुसता दिवा असेल तर तो विझण्याची वाट बघा. यावर मतभेद आहेत, एका हिवाळ्याने काही बिघडत नाही असं म्हणणारे जाणते मेकॅनिकही भेटतील. मला पाच मिनिटांचा हा खर्च परवडतो.

सुरू झाल्यावर वरून टिकटिक ऐकू आली तर ती बहुधा हायड्रॉलिक लिफ्टरची, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या व्हॉल्व्हजवळच्या छोट्या भागांची. ऑइल भरलं की थांबते. खालून घण मारल्यासारखा ठोका आला तर ताबडतोब बंद करा. आणि उभ्या उभ्या अर्धा तास घुरघुरत ठेवू नका. एखाद-दुसऱ्या मिनिटाने निघा आणि सावकाश चालवा. कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नाही, त्याला बराच जास्त वेळ लागतो. तोवर ३००० आरपीएमच्या वर जायचं नाही.

पहिली फेरी ओळखीच्या, मोकळ्या रस्त्यावर, रेडिओ बंद ठेवून करा. आधी हळू वेगात दोन-तीन ब्रेक, मग जरा दाबून. गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. स्टिअरिंगमध्ये धडधड जाणवली तर टायर एका जागी चपटे झालेले असतील. गरम झाल्यावर बहुतेक वेळा गोल होतात. वीस किलोमीटरनंतरही धडधड तशीच असेल तर टायरवाल्याकडे जा. परत आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या (लावू नका). एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक अजून अडकतोय. पुन्हा एकदा टॉर्च घेऊन गाडीखाली बघा. विमा आणि नोंदणीचे कागद निघण्यापूर्वीच पाहिलेले असतीलच.

आता पाणी आणि शॅम्पू

सावलीत, पत्रा गार असताना धुवायला घ्या. चाकं आधी, त्यांची बादली आणि ब्रश वेगळे. मग वरून खालपर्यंत नुसतं पाणी सोडा आणि हात न लावता जितकी धूळ वाहून जाईल तितकी जाऊ द्या. त्यानंतर दोन बादल्या, एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) प्रत्येक वेळी साध्या पाण्यात पिळून मगच शॅम्पूत बुडवायचा. भांड्यांचा साबण वापरू नका, गेल्या वर्षीचं वॅक्स तो धुऊन नेतो.

माझ्यासारखं मऊ छप्पर असेल तर इथे जरा रेंगाळा. सीटच्या मागे, छपराच्या घडीखाली, पाणी वाहून जाण्याची भोकं असतात. त्यांत पानं आणि माती साठते, पाणी तुंबतं आणि सिल, म्हणजे दाराखालचा पत्र्याचा उंबरठा, आतून गंजतो. बाहेरून रंग झकास आणि आतून पत्र्याची चाळण, अशा कित्येक एमएक्स-५ मी पाहिल्यात. कपभर पाणी हळूच ओता. मागच्या चाकाच्या पुढे, गाडीखाली ते पडलं पाहिजे. नाही पडलं तर जाड नायलॉनची लवचिक दोरी घालून मोकळं करा. तार नको, आतली नळी फाटते. मागची प्लास्टिकची काच गारठलेली असताना छप्पर दुमडू नका, तिला चीर पडते. आधी चेन उघडून ती सपाट पाडा, मग छप्पर खाली घ्या.

धुऊन झाल्यावर प्लास्टिकची पातळ पिशवी हातावर चढवून बॉनेटवरून बोटं फिरवा. खरखरीत लागलं तर रंगात कण रुतलेत. लोखंड विरघळवणारा फवारा मारा. ब्रेकच्या धुळीवर तो जांभळा होतो. सुकायच्या आत धुवा, मग भरपूर ओलावा ठेवून क्ले बार (रुतलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवा. क्ले जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या, त्याला चिकटलेला एकच खडा सगळा दरवाजा खराब करेल.

पॉलिश दरवर्षी करायचं नसतं. त्यात रंगाचा थर खरोखर झिजतो, आणि आधुनिक गाडीचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा असतो. आधी एका हातभर चौकोनात सगळ्यात सौम्य पॉलिश करून बघा. तेवढ्याने भागलं तर पुढचं कडक पॉलिश उघडूच नका. माझ्या लाल रंगावर क्लिअर कोट नाही, त्यामुळे पॅड लाल होतो आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की गाडीच सोलली जातेय. तो उन्हाने मेलेला गुलाबी पडलेला थर असतो, खालून खरा लाल वर येतो. क्लिअर कोट असलेल्या गाडीच्या पॅडवर मात्र रंग आला तर लगेच थांबा. कडांवर आणि पत्र्याच्या घड्यांवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावा. काळ्या प्लास्टिकवरही लावा, नाहीतर त्यावर बसलेले पांढरे डाग काढण्यात संध्याकाळ जाते.

शेवटी वॅक्स किंवा सीलंट. अगदी पातळ थर, एका वेळी एकच भाग. बोट फिरवल्यावर रेघ स्वच्छ उठली की मायक्रोफायबरने उतरवायचं. जाड थर दिल्याने चमक वाढत नाही, फक्त दंड दुखतात. दरवाजांच्या आणि छपराच्या रबरांना सिलिकॉन ग्रीसचा हात द्या, टायरला चकचकीत तेल लावायचं असेल तर बाजूच्या भिंतीवरच लावा, खाचांवर नको. आणि चाकं काढली असतील तर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर तपासा.