तांब्याच्या गळक्या रेडिएटरला पक्का डाख कसा द्यावा

रेडिएटर गळू लागला की मिळणारा सल्ला ठरलेला असतो: पाण्यात मूठभर हळद टाका, भोकावर एपॉक्सीची लुगदी दाबा आणि गाडी चालवा. भर रस्त्यात अडकलेल्या माणसाने घर गाठण्यासाठी हळद टाकली तर मी त्याला दोष देणार नाही. पण तिला दुरुस्ती म्हणू नये. जी हळद भोकात जाऊन बसते, तीच आतून जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर रुंद असलेल्या चपट्या नळ्यांमध्येही साचते, आणि गळती थांबलेल्या गाडीचे इंजिन पुढच्या घाटात तापते. एपॉक्सी तापून-थंडावून काही महिन्यांत कड सोडते, आणि नंतर डाख देणाऱ्याला, म्हणजे कथील-शिशाने सांधणाऱ्याला, ती कणाकणाने खरवडत बसावे लागते.

पद्मिनी, ॲम्बेसेडर, जुन्या जीप आणि बरेचसे जुने ट्रॅक्टर यांचे रेडिएटर आपण तांब्याचे म्हणतो. प्रत्यक्षात त्यांची जाळी तांब्याची, तर नळ्या आणि वरखालच्या टाक्या पितळेच्या असतात, आणि हे सर्व कथील व शिसे यांच्या मिश्रणाने, म्हणजे सोल्डरने, जोडलेले असते. काळा रंग थोडा खरवडल्यावर खाली पिवळा धातू दिसला, तरच पुढे वाचावे. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला ही पद्धत चालत नाही.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पाणी काढावे आणि रेडिएटर उतरवावा. कूलंट असल्यास ते भांड्यात धरावे. त्यातले ग्लायकॉल गोड आणि विषारी असते, आणि अंगणात सांडले तर कुत्री-मांजरे ते चाटतात. चिकटलेला होज (पाण्याची रबरी नळी) पिळून ओढू नये, तो ब्लेडने चिरून टाकावा. टाकीच्या तोंडाशी होणाऱ्या कित्येक गळत्या होज हिसडण्यातूनच सुरू झालेल्या मी पाहिल्या आहेत.

तोंडे रबरी बुचांनी बंद करून रेडिएटर पाण्यात बुडवावा, सायकलच्या पंपाने हवा भरावी आणि बुडबुडे येतील तिथे खिळ्याने खूण करावी. दाब झाकणावर छापलेल्या आकड्यापलीकडे नेऊ नये. कॉम्प्रेसरची नळी थेट लावली तर टाकी फुगून सांधे उसवतात.

आता खरे काम. डाख म्हणजे भोकात वितळलेला धातू ओतणे, असा माझा कित्येक दिवस समज होता. वडिलांच्या पद्मिनीच्या वरच्या टाकीच्या तोंडाला मी एकाच ठिकाणी तीन वेळा डाख दिला, आणि तिन्ही वेळा थंड झालेल्या सोल्डरच्या मधोमध सुईच्या टोकाएवढे छिद्र राहिले. चौथ्या वेळी कान जवळ नेला तेव्हा बारीक चरचर ऐकू आली. टाकीच्या कडेत पाणी उरले होते. त्याची वाफ वितळलेल्या सोल्डरमधून वाट काढत होती. तेव्हापासून उतरवलेला रेडिएटर मी एक पूर्ण दिवस कडक उन्हात उलटा-सुलटा ठेवतो आणि तोंडे उघडी असल्याखेरीज ज्योत पेटवत नाही. पाणी आत असेपर्यंत धातू १०० अंशांच्या फारसा वर जातच नाही, आणि सोल्डर वितळायला निदान १८३ अंश लागतात.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. कल्हईवाला भांड्याला कथील लावण्याआधी ते घासून लखलखीत करतो, तापवतो, नवसागर टाकतो आणि मगच कापसाने कथील फिरवतो. पितळ काळे असेल तर कथील त्याला धरत नाही. इथेही अगदी तेच आहे. गळतीच्या चारही बाजूंना बोटभर जागा तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने इतकी घासावी की हिरवट-पांढरे क्षार, रंग आणि जुन्या डाखाचा राखाडी थर जाऊन पिवळे पितळ उघडे पडेल. रेडिओ दुरुस्तीची राळेची तार इथे पुरत नाही. जस्त विरघळवलेल्या ॲसिडाचा फ्लक्स, म्हणजे धातूने सोल्डर धरावे म्हणून लावायचे द्रव्य, लागतो. तो ब्रशने पातळ लावावा, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि काम उघड्यावर करावे.

आता उष्णता. ज्योत सोल्डरवर धरू नये. पितळ तापवावे आणि सोल्डरची कांडी त्या तापलेल्या पितळेला टेकवावी. धातू पुरेसा तापलेला नसेल तर सोल्डर मोहरीसारखे गोळे होऊन घरंगळते. पुरेसा तापलेला असेल तर तेच सोल्डर क्षणात चपटे होते, चकाकते आणि कडेखाली आपण होऊन शिरते. ते शिरताना दिसले की ज्योत काढावी. आधी सर्व घासलेल्या जागेवर असा पातळ थर चढवावा, चिंधीने पुसून तो सगळीकडे बसला की नाही हे पाहावे, आणि मगच दुसऱ्या फेरीत भोक बुजवावे. सोल्डर गोठेपर्यंत रेडिएटर हलू देऊ नये. हललेला डाख खरखरीत होतो आणि तिथेच पुन्हा फुटतो.

इथेच सर्वांत मोठा धोका आहे. तांबे वितळायला १,०८५ अंश लागतात, त्यामुळे धातूला काही होणार नाही असे वाटते. परंतु शेजारचे मूळ सांधेही कथील-शिशाचेच असतात. मोठ्या ज्योतीने टाकीच्या तोंडाचा डाख करताना माझी टाकी खालच्या पत्र्यापासून वीतभर उसवली होती. म्हणून ज्योत बारीक ठेवावी, ती सतत फिरवावी आणि जवळच्या सांध्यांवर ओल्या चिंध्या गुंडाळाव्यात. नळ्यांजवळ तर मी ज्योत वापरतच नाही. तिथे तांब्याच्या जाड टोकाची सोल्डरिंग आयर्न हवी.

जाळीच्या मधली नळी गळत असेल तर जाळी ओरबाडून वाट करू नये. टाकी उघडून त्या नळीची दोन्ही तोंडे डाखाने बंद करावीत. एखाद-दुसरी नळी गेल्याने गाडी तापत नाही. मात्र जाळी बोटांत चुरगळत असेल, तर नवा कोअर, म्हणजे नळ्या आणि जाळीचा गाभा, बसवून घ्यावा. त्या रेडिएटरवर आणखी सोल्डर खर्च करण्यात अर्थ नाही.

डाख थंड झाल्यावर फ्लक्स गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने बाहेरून धुवावा आणि आतून साध्या पाण्याने खळखळून काढावा. राहिलेला फ्लक्स पितळ खातो आणि तिथे पुन्हा हिरवट क्षार धरतात. हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये, कारण सोल्डरमध्ये शिसे असते. मग पुन्हा पाण्यात बुडवून हवा भरावी. बुडबुडे आले नाहीत तर काळ्या रंगाचा एक पातळ हात द्यावा, रेडिएटर बसवावा, नवे होज आणि क्लिप लावाव्यात, कूलंट भरावे, आणि पहिल्या लांब फेरीनंतर इंजिन थंड झाल्यावर डाखावरून कोरडा कागद फिरवून पाहावा.