परसातल्या कोंबड्यांचं दुखणं वेळेत कसं ओळखावं

कोंबडी दुखणं लपवते. अशक्त दिसली की बाकीच्या टोचून हाकलतात, म्हणून ती शेवटपर्यंत कळपाबरोबर दाणे टिपत राहते. दुपारी अंगणात पाहून काही कळत नाही. सकाळी खुराडं उघडताना पाहा: सगळ्यात शेवटी कोण येते, कोणाचे पंख लोंबतात, कोण पिसं फुगवून डोळे मिटून बसली आहे. मग खालची शीट बघा. करडी-तपकिरी आणि वर पांढरा थर असेल तर चांगली. अधूनमधून पडणारी चिकट चॉकलेटी शीटही नेहमीचीच. हिरवी पातळ किंवा रक्त मिसळलेली दिसली, तर त्याच दिवशी हालचाल करा.

संशय आलेली कोंबडी आधी वेगळ्या डालग्याखाली, सावलीत, स्वतंत्र पाण्यासह ठेवा. मग तपासा. गळ्याखालची दाण्याची पिशवी सकाळी रिकामी हवी. छातीचं हाड टोकदार लागलं तर ती बरेच दिवस खंगते आहे. जंत किंवा गोचीड तपासा. अंग गरम लागलं म्हणून ताप समजू नका, कोंबडीचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं. खुडूक बसलेली किंवा पिसं झडत असलेली कोंबडी आजारी नसते.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, सगळ्यात घातक. चोच उघडी ठेवून घरघर, हिरवट-पांढरी हगवण, पाय-पंख लुळे, शेवटी मान वाकडी. हा विषाणू आहे, त्याला औषध नाही. माणसांच्या अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून पाण्यात टाकल्याने तो जात नाही. उपाय एकच, लस. पिल्लू ५ ते ७ दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही दुसरी लस ०.५ मिली, पंखाजवळ कातडीखाली. आर-टू-बीच्या एक आठवडा आधी जंताचं औषध द्या. आजारी कोंबडीला लस टोचू नका.

अडचण अशी की कुपी साधारण १०० मात्रांची असते आणि घरी कोंबड्या दहा-बारा. कालवलेली लस दोन तासांत संपवावी लागते, म्हणून अख्ख्या गल्लीने एकच दिवस ठरवावा. कुपी दवाखान्यातून बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये आणा आणि पहाटे, कोंबड्या सोडायच्या आत, टोचून घ्या. मराठवाड्यातल्या उन्हात उघड्यावर आणलेली लस वाया जाते. मग लोक म्हणतात, लस देऊनही मर आली. आठवडी बाजारातून आणलेली नवी कोंबडीही १४ दिवस वेगळीच ठेवा.

दगडमातीच्या भिंतींत गोचीड हमखास असतं. ते दिवसा फटीत लपतं आणि रात्री रक्त पितं, म्हणून दिवसा अंगावर दिसत नाही. रात्री बॅटरी घेऊन फटी आणि बसायच्या दांडीच्या खाचा तपासा. तुरा पांढुरका पडला किंवा पाय लुळे पडले, तर हाही संशय घ्या. खुराडं रिकामं ठेवून ते मरत नाही, रक्ताशिवाय कितीतरी महिने तग धरतं. कोंबड्या बाहेर काढून फटींत उकळतं पाणी ओता, वाळल्यावर चुन्याने बुजवा. डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक फवारायचं तर लेबलावरच्या प्रमाणात आणि फक्त भिंतींवर. १० ते १५ दिवसांनी पुन्हा. उवांसाठी राख आणि बारीक माती घातलेलं घमेलं ठेवा, कोंबड्या स्वतःच लोळतात.

पावसाळ्यात ओल्या जागेत तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना रक्ती हगवण लागते. भुसा बदला, जागा कोरडी करा. औषध म्हणून २० टक्के ॲम्प्रोलियम पावडर, लिटरभर पिण्याच्या पाण्याला १.२ ग्रॅम, पाच दिवस. त्या काळात दुसरं पाणी ठेवू नका. देवी रोगाच्या खपल्या उचकटू नका, पोव्हिडोन आयोडीन लावा. उन्हात धापा टाकणाऱ्या कोंबडीचे पाय थंड पाण्यात धरा, खुराड्यावर ओलं बारदान टाका.

एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर हात लावू नका. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला होता. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ वर कळवा, नमुना तेच घेतील. तोवर उरलेल्या विकू नका, खाऊ नका, मेलेल्या नाल्यात किंवा कुत्र्यांपुढे टाकू नका. इतर आजाराने मेलेली कोंबडी विहीर-बोअरपासून दूर, तीन फूट खड्ड्यात वर-खाली चुना टाकून पुरा.