पाणवनस्पतींच्या टाकीसाठी घरगुती कार्बन डायऑक्साइड: साखर-यीस्टची बाटली कशी जोडावी

ज्या टाकीत फक्त अनुबियास, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरीन आहेत आणि वर साधा दिवा आहे, त्या टाकीला कार्बन डायऑक्साइड पुरवण्याची गरज नाही. या वनस्पती मासे व जिवाणू यांच्या श्वसनातून मिळणाऱ्या वायूवर सावकाश, पण नीट वाढतात. रोटाला, लुडविजिया किंवा तळावर पसरणाऱ्या बारीक पानांच्या वनस्पती लावल्या असतील आणि त्यांच्यासाठी प्रखर प्रकाशही दिला असेल, तर मात्र बाहेरून वायू द्यावा लागतो. नाहीतर पानांऐवजी शेवाळच जोमाने वाढते. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा टाकीला, म्हणजे सुमारे ५५ लिटर पाण्याला, साखर-यीस्टची एक बाटली पुरते; तिच्यात यीस्ट साखर आंबवून हा वायू तयार करते. टाकी तीन फुटांपेक्षा मोठी असेल तर या खटाटोपात न पडता सरळ कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घ्यावा.

लागणारे सामान असे: शीतपेयाची दोन लिटरची बाटली, तशीच अर्ध्या लिटरची दुसरी बाटली, सहा मिलिमीटर बाह्य व्यासाची पीयू (पॉलियुरेथेन) नळी, एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारी झडप), साखर आणि बेकरीचे इन्स्टंट ड्राय यीस्ट. बाटली शीतपेयाचीच हवी, कारण ती दाब सहन करण्यासाठी बनवलेली असते. साध्या पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली चालत नाही आणि काचेची बाटली तर कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. ती फुटली तर काचा खोलीभर उडतात. एअरपंपासोबत येणारी मऊ सिलिकॉनची नळीही बाजूला ठेवावी. ती हवेसाठी योग्य असली तरी कार्बन डायऑक्साइड तिच्या भिंतीतून आरपार निघून जातो.

या विषयावर मिळणारे बहुतेक सल्ले मिश्रणाभोवतीच फिरतात: साखर किती, यीस्ट किती, गूळ चालेल का, खाण्याचा सोडा कधी घालायचा. माझ्या मते हा सारा वाद जवळजवळ निरर्थक आहे, आणि त्याचे कारण साध्या हिशोबात सापडते. दोनशे ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर सुमारे १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे खोलीच्या तापमानाला साधारण ५५ लिटर वायू. हा वायू दोन आठवड्यांत विभागला तर मिनिटाला तीन मिलिलिटरही भरत नाही. इतक्या क्षीण प्रवाहात झाकणाजवळची केसाएवढी फट अर्धा वायू बाहेर सोडते, आणि माणूस मात्र यीस्ट कमी पडले असे समजून चमच्यावर चमचे वाढवत राहतो. साखर-यीस्टची यंत्रणा चालत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी मिश्रणाबद्दल काहीही न विचारता आधी झाकण दाखवायला सांगतो.

झाकणाने मलाही बराच काळ छळले, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. शीतपेयाच्या बाटलीचे झाकण पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे असते आणि या दोन्ही प्लास्टिकांना घरातला कोणताही गोंद खऱ्या अर्थाने धरत नाही. चटकन चिकटणारा गोंद, हॉट ग्लू, इपॉक्सी पुट्टी, सिलिकॉन सीलंट, या सर्वांचा थर सुकल्यावर भक्कम दिसतो. परंतु नखाने कडा उचलली की तो संपूर्ण चकतीसारखा निघून येतो. बाटलीत दाब चढला की नखाचे हे काम वायू करतो. त्यामुळे “भोक पाडा, नळी घाला आणि भोवती भरपूर गोंद लावा” हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला मुळातच चुकीचा आहे. गळती थांबवायची असेल तर ती गोंदाने नव्हे, दाबून बसलेल्या रबराने किंवा घट्ट बसलेल्या नळीनेच थांबते.

सर्वांत खात्रीचा मार्ग न्यूमॅटिक बल्कहेड फिटिंगचा आहे. कारखान्यांत दाबाखालची हवा वाहून नेण्यासाठी सहा मिलिमीटरच्या पीयू नळ्या वापरतात आणि त्या पत्र्यातून आरपार नेण्यासाठी हे फिटिंग बनवलेले असते. एका बाजूला नळी नुसती आत ढकलली की ती पकडली जाते. पुण्यात भोसरी, नाशिकला सातपूर, अशा औद्योगिक भागांतील हार्डवेअरच्या दुकानांत ते सहज मिळते. फिटिंगच्या आट्यांच्या मापाचे छिद्र झाकणाच्या मधोमध पाडावे, झाकणाच्या दोन्ही बाजूंना एकेक रबरी वॉशर ठेवावा आणि नट पान्याने आवळावा. वॉशर किंचित फुगून बाहेर दिसू लागला की थांबावे. त्यापुढे आवळल्यास झाकणच वाकते आणि बाटलीच्या तोंडावर ते सपाट बसत नाही. नळीचे टोक धारदार ब्लेडने अगदी काटकोनात कापावे. कात्रीने कापलेले टोक चेपून अंडाकृती होते आणि फिटिंगमधील रबरी रिंग त्याला सर्व बाजूंनी धरू शकत नाही.

हे फिटिंग मिळत नसेल तर नळी घट्ट बसवण्याची जुनी पद्धत वापरावी. यासाठी पीयूऐवजी थोडी मऊ पीव्हीसी नळी बरी. सहा मिलिमीटर बाह्य व्यासाच्या नळीसाठी पाच मिलिमीटरचेच छिद्र पाडावे, आणि तेही ड्रिलच्या बिटने, झाकणाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून. तापवलेल्या खिळ्याने पाडलेले छिद्र गोल नसते. वितळलेल्या प्लास्टिकची ओबडधोबड कड त्याच्याभोवती उभी राहते आणि वायूला वाट मिळते. नळीचे टोक लांब तिरके कापून छिद्रातून आत सरकवावे आणि झाकणाच्या आतल्या बाजूने ते पकडीत धरून ओढावे. ओढताना नळी बारीक होते व सोडल्यावर पुन्हा फुगून छिद्र भरते. पकडीत चेपलेला तिरका तुकडा कापून टाकावा आणि नळी झाकणाच्या आत दोन-तीन सेंटिमीटरच ठेवावी, म्हणजे फेस तिच्यात चढत नाही.

दोन्ही पद्धतींत एक नियम मी कटाक्षाने पाळतो. झाकण लावताना झाकण स्थिर धरावे आणि बाटली फिरवावी. झाकण फिरवले की नळीला पीळ बसतो, आणि तो पीळ पुढचे कित्येक दिवस त्या जोडाला एका बाजूला ओढत राहतो.

यानंतरची चाचणी मिश्रण भरण्यापूर्वीच करायची असते. रिकाम्या बाटलीला झाकण लावावे, नळीच्या दुसऱ्या टोकातून तोंडाने जोर लावून हवा भरावी आणि नळी दुमडून चिमट्याने पक्की बंद करावी. आता बाटली पाण्याच्या बादलीत उलटी धरून झाकण पूर्ण बुडवावे आणि बाटली हाताने दाबून दोन मिनिटे शांतपणे पाहावे. पहिला बुडबुडा अनेकदा तीस-चाळीस सेकंदांनी, नळीच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा फुगत येतो. घाईत पाहणाऱ्याला तो दिसत नाही. साबणाचा फेस लावण्याची पद्धत मोठी गळती दाखवते, पण इतकी सूक्ष्म गळती शोधण्यासाठी बादलीच हवी. एकही बुडबुडा आला तर जोड पुन्हा करावा. “एवढ्याशा गळतीने काय होते” हा विचार मनात आला तर वरचा तीन मिलिलिटरचा हिशोब आठवावा.

पुढची जोडणी सोपी आहे. मोठ्या बाटलीतून निघालेली नळी अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाण्याखाली सोडावी आणि त्या बाटलीतून निघणारी दुसरी नळी पाण्याच्या वर ठेवून टाकीकडे न्यावी. मधली बाटली फेस व यीस्टचा गाळ अडवते आणि बुडबुडे मोजण्यासाठीही उपयोगी पडते. अर्थात तिच्या झाकणाला दोन जोड असतात व दोन्ही बादलीत तपासावे लागतात. टाकीजवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावावा, अन्यथा बाटली थंडावल्यावर टाकीतले पाणी उलटे ओढले जाते. मधल्या बाटलीऐवजी सलाईनचा सेट वापरण्याची पद्धत आपल्याकडे फार प्रचलित आहे. मला ती पसंत नाही, कारण अनेक सेटमध्ये वरच्या भागाला हवा आत घेण्याचे छोटे तोंड असते आणि वायू तेथूनच निघून जातो. शिवाय त्यावर प्रवाह बंद करण्याचे चाक असते. साखर-यीस्टच्या मार्गात कोणतीही बंद होणारी कळ असू नये. यीस्ट थांबवता येत नाही, म्हणून वाट बंद केली की दाब वाढत जातो आणि झाकण, नळी किंवा बाटली यांपैकी काहीतरी सुटते.

मिश्रणासाठी २०० ग्रॅम साखर, पाव चमचा यीस्ट, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि बाटली दोन तृतीयांश भरेल इतके कोमट पाणी पुरे आहे. साखर दुप्पट केल्याने बाटली दुप्पट दिवस चालत नाही, कारण वाढणारा अल्कोहोल यीस्टलाच मारतो. गुळाने फेस जास्त येतो, म्हणून तो चहासाठीच ठेवावा. विदर्भातील उन्हाळ्यात यीस्ट आणखी कमी करावे व पाणी गार घ्यावे, नाहीतर दोन आठवड्यांचा वायू काही दिवसांतच उधळला जातो.

सायट्रिक ॲसिड आणि खाण्याच्या सोड्याची पद्धतही चांगली आहे. तिच्यात वायू रात्री बंद करता येतो. परंतु तिचा दाब झपाट्याने चढतो, म्हणून तिच्यासाठी प्रेशर गेज व सुरक्षा झडप असलेले तयार झाकणच घ्यावे. वर वर्णन केलेले घरगुती झाकण तिला लावू नये.

वायू पाण्यात विरघळवण्यासाठी सिरॅमिकच्या बारीक डिफ्यूझरचा (वायूचे सूक्ष्म बुडबुडे करणाऱ्या चकतीचा) आग्रह धरू नये, कारण त्याला लागणारा दाब ही बाटली रोज सारखा देत नाही. नळीचे टोक फिल्टरच्या पाणी ओढणाऱ्या तोंडाशी सोडावे. फिल्टरमधल्या पंख्यात बुडबुड्यांचे तुकडे होतात आणि वायू चांगला विरघळतो.

प्रमाण मोजण्यासाठी ड्रॉप चेकर, म्हणजे टाकीत आतून लावायची रंग दाखवणारी छोटी कुपी, वापरावा आणि त्यात टाकीतले पाणी न भरता चार डीकेएच (कार्बोनेट काठिण्याचे एकक) काठिण्याचे तयार द्रावण व ब्रोमोथायमॉल ब्ल्यू या रंगदर्शकाचे थेंब घालावेत. द्रावण हिरवे झाले म्हणजे पाण्यात लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड आहे. निळे असेल तर कमी आणि पिवळे असेल तर माशांसाठी धोक्याइतके जास्त. रंग बदलायला एक-दोन तास लागतात, त्यामुळे रंगापेक्षा माशांवर अधिक विश्वास ठेवावा. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले की नळी ताबडतोब टाकीबाहेर काढावी आणि एअरपंप लावावा. सुरुवातीला मधल्या बाटलीत दोन सेकंदांना एक बुडबुडा असा वेग पुरेसा असतो.

रात्री दिवा बंद झाल्यावर वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेत नाहीत, उलट सोडतात, आणि बाटली तर चालूच असते. म्हणून दिव्याच्या टायमरच्या उलट वेळेला एअरपंप चालेल अशी व्यवस्था करावी. दिवसा मात्र एअरपंप बंद ठेवावा, कारण पाण्याची खळबळ विरघळलेला वायू बाहेर घालवते.

वायूचे प्रमाण आठवडाभर वर-खाली होत राहिले तर पानांच्या कडांवर काळे, केसाळ शेवाळ धरते. ते टाळण्यासाठी दोन मोठ्या बाटल्या टी-जोडाने मधल्या बाटलीला जोडाव्यात, प्रत्येकीच्या वाटेवर स्वतंत्र नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह ठेवावा आणि दर आठवड्याला त्यांतली जुनी बाटली तेवढी नव्याने भरावी. बदलायच्या बाटलीचे झाकण हळूहळू सैल करून दाब सोडावा, जुने मिश्रण मोरीत ओतावे आणि बाटली स्वच्छ धुवावी. झाकण परत लावण्यापूर्वी वॉशरवर साखरेचा चिकट थर बसला असेल तर तो कोमट पाण्याने काढावा, आणि वॉशर बोटाने दाबल्यावर कडक लागला तर दोन्ही वॉशर बदलावेत.